शरीरातील वाट कोणाची?

मागील पुरीमच्या सुमारास आमच्या छातीचा सी. टी. स्कॅन काढण्यात आला आणि उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला वाटाण्याएवढा एक ठिपका दिसला. आमच्या वयात असला ठिपका दिसला म्हणजे डॉक्टर हसत नाहीत. त्यांनी सांगितले की श्वासनळीतून एक बारीक नळी आत नेऊन ठिपक्याचा कण काढावा लागेल, आणि ही नळी कोणत्या फाट्यावर कोणीकडे वळवायची याची वाट हल्ली संगणक आखून देतो. हे ऐकून आम्ही थोडे निर्धास्त झालो. मग एका मुलीने सहीसाठी दोन कागद पुढे केले. पहिल्यावर नेहमीचेच होते: रक्तस्राव होऊ शकतो, फुफ्फुसाला छिद्र पडू शकते, इत्यादि. दुसऱ्यावर लिहिले होते की आमचा स्कॅन, आणि नळी आत कशी गेली त्या प्रवासाची नोंद, आमचे नाव काढून टाकून, वाट आखणाऱ्या यंत्राला शिकवण्यासाठी वापरण्यास आमची संमती आहे. आणि त्यातून पुढे जे काही निर्माण होईल त्यावर आमचा कोणताही हक्क राहणार नाही.

पहिल्या कागदावर आम्ही सही केली. दुसरा घडी करून खिशात घातला. मुलगी म्हणाली, "यावर सही नसली तरी तुमची तपासणी होईल." ते ऐकून बरे वाटले, पण कागद खिशातच राहिला.

(वाचकांनी काळजी करू नये. ठिपका जुन्या व्रणाचाच निघाला, त्याची हकीकत पुढे येईल.)

संध्याकाळी आमचा भाचा घरी आला होता. तो हायटेकमध्ये आहे. त्याने कागद एका नजरेत वाचला आणि म्हणाला, "मामा, यात नवल काय? यंत्र शिकेल, कंपनी पेटंट घेईल. जगात असेच चालते." आम्ही विचारले, "पेटंट कशाचे? आमच्या फुफ्फुसातल्या वाटेचे?" तो हसला. पण हसून झाल्यावर त्यालाही सरळ उत्तर देता येईना. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या डोक्यात घर करून बसला आहे. आम्ही वकील नाही की डॉक्टर नाही. आयुष्यभर मुलांना गणित शिकवले, एवढीच आमची पुंजी. तेवढ्यावर जे उमगले ते मांडतो.

हे यंत्र करते काय, ते आधी पाहू. आपल्या श्वासनलिका म्हणजे उलटे टांगलेले झाड. खोडाला दोन फाटे, त्या फाट्यांना आणखी फाटे, असे सुमारे तेवीस वेळा विभागत ते खाली जाते. डॉक्टरांच्या दुर्बिणीची नळी पहिल्या काही फाट्यांपर्यंतच पोहोचते. पुढे वाट अरुंद होते. तेथून आणखी बारीक नळी स्कॅनवरून आखलेल्या वाटेने जाते. स्कॅन म्हणजे पावाच्या चकत्यांसारखे शरीराचे काप. त्या कापांवरून संगणक झाड पुन्हा उभे करतो, ठिपक्याजवळ कोणती फांदी जाते ते शोधतो, आणि मध्ये मोठी रक्तवाहिनी आडवी आली तर तो मार्ग टाळतो.

फाट्यांच्या जाळ्यातून जवळची वाट काढणे हे तर शुद्ध गणित. १९५६ साली डच गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा आपल्या भावी पत्नीबरोबर ॲमस्टरडॅममध्ये खरेदीला गेले होते. थकून दोघे एका कॉफीगृहात बसले, आणि तेथे कागद-पेन्सिल न घेता वीस मिनिटांत त्यांना याची रीत सुचली. १९५९ साली ती छापून आली तेव्हा लेख तीन पानांचा होता. आज मोटारीतला नकाशा आपल्याला घरचा रस्ता दाखवतो त्याच्या मुळाशी ही रीत आहे. त्या रीतीचे पेटंट कोणी घेतले नाही. आम्ही वर्गात ती फळ्यावर काढून दाखवत असू आणि कोणाची परवानगी मागत नसू.

मग यंत्राला शिकण्याची गरज ती काय? गरज यासाठी, की शरीर म्हणजे शहर नव्हे. स्कॅनच्या वेळी आम्ही दीर्घ श्वास रोखून पडलो होतो. नळी आत जाते तेव्हा माणसाला भूल दिलेली असते. फुफ्फुस हलते, आकसते, आणि नकाशातला ठिपका प्रत्यक्षात एखाद-दोन सेंटिमीटर सरकलेला असू शकतो. एवढ्या फरकाने नळी भलत्याच फांदीत शिरते. म्हणून यंत्राला दोन रीतींनी शिकवतात. एक म्हणजे अनुभवी डॉक्टरांनी नळी कोठे वळवली, कोठे थांबवली, कोठे मागे घेतली, याच्या असंख्य नोंदी त्याच्यापुढे ठेवायच्या आणि त्यांचे अनुकरण करायला लावायचे. दुसरी म्हणजे संगणकातल्या खोट्या शरीरात त्याला हजारो वेळा चुकू द्यायचे. बरोबर गेले की गुण द्यायचे, भिंतीला धडकले की कापायचे. मास्तरकी ती हीच, फक्त विद्यार्थी कंटाळत नाही. फुफ्फुसच नव्हे, तर हृदयाच्या रक्तवाहिनीतील तार, यकृताकडे जाणारी वाकती सुई, चुंबकाने फिरवली जाणारी पोटातली गोळी, या सर्वांसाठी अशी यंत्रे घडवली जात आहेत.

आमच्या कोकणातल्या वाचकांना हे खाडीच्या उदाहरणाने चटकन समजेल. खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात आणि ते दर पावसाळ्यात सरकतात. परगावचे गलबत आत आणायचे तर गावचा जाणता तांडेल लागतो. तो पुढे उभा राहून वाट दाखवतो, त्याची मजुरी घेतो, आणि ती त्याला मिळालीच पाहिजे. पण खाडीतली वाट त्याच्या मालकीची आहे असे तो म्हणत नाही. ती पाण्याने कोरलेली असते. दुसऱ्याने स्वतः वाव टाकून ती शोधली तर तांडेल त्याला अडवू शकत नाही. आमच्या छातीतली वाट अशीच आहे. ती कोणी बनवलेली नाही. निर्माणकर्त्याने एकदा आखली आणि लहानपणीच्या आजाराने थोडी वाकवली.

आता कायद्याकडे वळू. ही वाट जरा वळणाची आहे.

इस्राएलच्या १९६७ च्या पेटंट कायद्यात सातवे कलम आहे: माणसाच्या शरीरावर करण्याच्या उपचारपद्धतीला पेटंट मिळत नाही. भारताच्या १९७० च्या कायद्यात तिसऱ्या कलमात हेच आहे, आणि त्याच कलमात गणिती पद्धती व नुसता संगणक-प्रोग्राम यांनाही पेटंट नाही असे म्हटले आहे. युरोपात १९७३ चा म्युनिकचा करार शस्त्रक्रियेच्या व उपचाराच्या पद्धती वगळतो, गणितही वगळतो. अमेरिकेत असे बंधन नव्हते. तेथे डोळ्यांचे एक डॉक्टर, सॅम्युएल पॅलिन, यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत टाके न घालता आपोआप मिटणाऱ्या छेदाचे पेटंट घेतले आणि १९९३ साली दुसऱ्या एका डॉक्टरवर दावा लावला, की याने माझ्या रीतीने छेद घेतला. सारे डॉक्टर खवळले. १९९६ साली तो दावा निकालात निघाला आणि त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने ठरवले की असे पेटंट मिळाले तरी रोग्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टराकडून भरपाई वसूल करता येणार नाही.

म्हणजे सगळीकडे लोकांच्या मनात एकच गोष्ट होती. सुरी हातात घेतलेल्या डॉक्टराने मनात म्हणू नये की, "इकडून कापावे हे रोग्याला बरे, पण ती रीत दुसऱ्याच्या मालकीची आहे." हे विवेकाला धरून आहे.

पण पुढे काय होते ते पाहा. शस्त्रक्रियेचे पेटंट नाही, गणिताचे पेटंट नाही. पण शस्त्रक्रियेसाठी गणित करणाऱ्या यंत्राचे आहे! वकील अर्ज असा लिहितात की पद्धत कातडीच्या अलीकडे थांबते. "यंत्र वाट आखून पडद्यावर दाखवते," येथे पूर्णविराम. नळी आत गेली हे वाक्य अर्जात येतच नाही. युरोपियन पेटंट कार्यालयाच्या सर्वोच्च अपील मंडळाने २०१० साली एका प्रकरणात सांगितले, की अर्जातील एक जरी पायरी शरीरात खरोखर शिरणारी, जोखमीची आणि वैद्यकीय कौशल्य मागणारी असेल तर पेटंट नाही. पण शस्त्रक्रिया चालू असताना डॉक्टर एखादी प्रतिमा पाहतो, एवढ्याने ती प्रतिमा काढण्याची पद्धत शस्त्रक्रिया होत नाही. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये टीव्हीच्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकाविषयीच्या एका दाव्यात म्हटले, की यंत्राला शिकवण्याच्या माहीत असलेल्या रीती नुसत्या नव्या क्षेत्रात लावल्या म्हणून पेटंट मिळत नाही. (यंत्रालाच संशोधक म्हणून नोंदवावे असा एक हट्टही झाला, तो ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली फेटाळला. बरे झाले. यंत्र काही कीद्दूशसाठी पेला उचलत नाही.)

कायद्याची ही रेघ आम्हाला अगदीच खोटी वाटत नाही. नकाशा काढणारा आणि चालणारा हे वेगळे असू शकतात. पण नकाशा काढणारे यंत्र हळूहळू स्वतःच सुकाणू धरू लागले आहे. नळी यंत्रमानवाच्या हातात असेल आणि फुफ्फुस हलताच वाट क्षणोक्षणी नव्याने आखली जात असेल, तर आखणे कोठे संपले आणि चालणे कोठे सुरू झाले? अर्जात रेघ ओढता येते. माणसाच्या छातीत ती दिसत नाही.

आमचा भाचा म्हणाला, "ठीक आहे, मामा, पेटंट बंदच करा असे समजा. मग कंपनी काय करेल? यंत्र आपल्या कुलपात ठेवेल आणि फक्त उत्तर बाहेर देईल. पेटंट वीस वर्षांनी संपते. कुलूप कधीच संपत नाही."

हा मुद्दा तोलामोलाचा आहे, आणि आपल्या शास्त्यांना तो दोन हजार वर्षांपूर्वी पडलेला आहे. मिश्नाच्या योमा खंडात, तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी, काही कारागिरांची नावे निंदेने घेतली आहेत. गारमूच्या घराण्याने बेत हमिक्दाशमध्ये मांडण्याच्या भाकरी भाजण्याची विद्या शिकवली नाही. अवतीनासच्या घराण्याने धूप बनवण्याची शिकवली नाही. एक गाणारा होता, त्याने गाणे शिकवले नाही. आणि बेन कामत्सार नावाच्या लेखकाने आपली लेखनकला शिकवली नाही. गमारा पुढची हकीकत सांगते. गारमूंना वगळून आलेक्सांद्रियाहून कारागीर आणवले. त्यांना भाकरी भाजता येत होती, पण भट्टीतून नीट काढता येत नव्हती. त्यांच्या भाकरीला बुरशी येई. शेवटी गारमूंना बोलावणे धाडले, ते येईनात. मजुरी दुप्पट केली तेव्हा आले. दिवसाला बारा माने होते त्याचे चोवीस झाले.

हे वाचताना आम्ही नेहमी थबकतो. शास्त्यांच्या हाती अधिकार होता, तरी त्यांनी त्या घराण्यावर जबरदस्ती केल्याचे लिहिलेले नाही. पैसे दिले, काम करून घेतले, आणि निंदेची नोंद मात्र कायमची करून ठेवली. पुढे गारमूंना विचारले की तुम्ही शिकवत का नाही, तेव्हा ते म्हणाले की हे मंदिर एक दिवस पडणार आहे हे आमच्या घराण्याला ठाऊक आहे. ही विद्या नालायकाच्या हाती पडून मूर्तिपूजेला लागू नये. हे उत्तर शास्त्यांना पटले. शिवाय गारमूंच्या मुलांच्या हातात चांगल्या पिठाची भाकरी कोणी कधी पाहिली नव्हती, लोकांना संशय येऊ नये म्हणून. अवतीनासच्या घरची वधूही सुगंध लावून निघत नसे. बेन कामत्सार मात्र चार बोटांत चार लेखण्या धरून चार अक्षरी नाव एका झटक्यात लिहीत असे, आणि का शिकवत नाहीस याला त्याच्यापाशी उत्तरच नव्हते. म्हणून निंदा त्याच्या नावाला चिकटून राहिली.

तेव्हा गुप्तता ही नेहमीच पाप नाही, पण तिला कारण द्यावे लागते. आणि कारण देणाराने त्या विद्येवर स्वतःचे घर भरलेले नसावे.

पेटंटचा मूळ सौदा नेमका गारमूंच्या उलट आहे. समाज म्हणतो: तू आम्हाला विद्या इतकी उघड करून सांग की त्या धंद्यातला दुसरा जाणता माणूस वाचून तेच करू शकेल, बदल्यात वीस वर्षे मक्तेदारी तुझी. आम्हा मास्तरांना हा सौदा आवडतो, कारण त्यात शिकवणे आहे. पण शिकलेल्या यंत्राच्या बाबतीत या सौद्यात खोट येते. यंत्राला जे कळले ते लाखो-कोट्यवधी आकड्यांत विखुरलेले असते. ते आकडे बनवणारालाही वाचून अर्थ लागत नाही. अर्जात एवढेच लिहितात की जाळ्याला योग्य माहितीवर शिकवावे. हे म्हणजे गारमूंनी लिहून द्यावे, की भट्टी तापवावी, पीठ आत ठेवावे आणि भाकरी कौशल्याने काढावी!

यावर युरोपात एक निर्णय झाला आहे, तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. हातावर मोजलेल्या रक्तदाबावरून हृदय किती रक्त फेकते हे शिकलेल्या जाळ्याने काढण्याचा एक अर्ज होता. शिकवणीसाठी निरनिराळ्या वयाच्या, बांध्याच्या, प्रकृतीच्या स्त्री-पुरुषांची माहिती घ्यावी, एवढेच त्यात सांगितले होते. २०२० साली अपील मंडळाने म्हटले की हे पुरेसे नाही. कोणती माहिती जाळ्याला योग्य ते सांगितलेले नाही, एकही माहितीसंच दिलेला नाही, सबब जाणत्या माणसाला हे करून पाहता येणार नाही. पेटंट नाकारले. आम्ही वर्गात म्हणत असू, नुसते उत्तर लिहिणाराला गुण नाहीत, पायऱ्या दाखवा. त्या मंडळावर कोणी जुना गणिताचा मास्तर बसला असावा.

येथे आमचा व्रण आडवा येतो. आमचे बालपण मुंबईत भायखळ्याच्या चाळीत गेले. एका खोलीत नऊ माणसे. वडिलांना क्षय झाला आणि त्यांच्या मागोमाग आम्हाला. साल १९६५. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आई दवाखान्यात नेऊन स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन देववी. त्याच्या कळा अजून आठवतात. आम्ही जगलो. पण बऱ्या झालेल्या जखमेने उजव्या फुफ्फुसाचे वरचे टोक आत ओढून घेतले आणि तेथल्या नलिका वाकड्या झाल्या. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवून दाखवले: यंत्राने आखलेली वाट त्या टोकाशी आली आणि तुटली. तेथून पुढे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी आणि हातांनी नळी नेली. आम्ही विचारले, "यंत्राला का दिसले नाही?" ते म्हणाले, "तुमच्यासारखी फुफ्फुसे त्याने फारशी पाहिली नसावीत."

या एका वाक्याने आमच्या मनातला कागदाचा तोल बदलला. यंत्राने पाहिले नाही असे फुफ्फुस ठाण्यात, पनवेलला, अलिबागला घरोघर सापडेल. येथे दिमोना, लोद, अश्दोदमध्ये आमच्या पिढीचे कितीतरी जण तसेच व्रण छातीत घेऊन हिंडत आहेत. आमचा प्रवास यंत्राला शिकवला नाही तर पुढच्याची वाटही तेथेच तुटेल, आणि त्याच्या नशिबी इतके सवडीने पाहणारे डॉक्टर असतीलच असे नाही. तेव्हा सही न करणे हेही निर्दोष नाही.

आणि ज्या स्ट्रेप्टोमायसिनने आम्हाला वाचवले त्याचेही पेटंट होते! १९४३ साली अमेरिकेत रटगर्स येथे सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याने ते मातीतल्या जंतूपासून काढले. दोघेही आपल्याच लोकांपैकी. प्रथम मर्क कंपनीशी एकट्याने बनवण्याचा करार झाला होता. औषध किती मोठे आहे हे कळल्यावर वॅक्समन यांनी कंपनीला तो हक्क सोडायला लावला, पेटंट रटगर्सच्या संस्थेकडे गेले आणि अनेक कारखान्यांना परवाने मिळाले. तसे झाले नसते तर भायखळ्याच्या दवाखान्यात ती कुपी आमच्यापर्यंत पोहोचली असती का, कोण जाणे. पण त्याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. शॅट्झ यांना १९५० साली आपल्या गुरूवर दावा लावावा लागला, तेव्हा कोठे त्यांचे नाव सहसंशोधक म्हणून मान्य झाले आणि पैशांत वाटा मिळाला. १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांना. पेटंटमुळे औषध अडलेच असे नाही. पण ज्याचे हात राबले त्याचे नाव मात्र मागे राहिले.

राबणाराला मोबदला नको असे आम्ही कधीच म्हणणार नाही. आपल्याच देशातले उदाहरण घ्या. क्षेपणास्त्रांचे इंजिनिअर गावरिएल इद्दान यांना १९८१ साली बोस्टनमध्ये पोटाच्या डॉक्टर मित्राशी बोलताना कळले की लहान आतड्यात दुर्बीण पोहोचत नाही. गिळता येईल एवढा कॅमेरा करण्याची कल्पना तेथून निघाली. योकनेआमच्या कंपनीची ती गोळी अमेरिकेत मान्य व्हायला २००१ साल उजाडले. वीस वर्षे! त्या गोळीचे पेटंट होते आणि ते योग्यच होते. गोळी त्यांनी घडवली होती. आतडे त्यांनी घडवले नव्हते, आणि गोळी आतड्याच्याच चालीने पुढे सरकत असे.

शुल्हान आरूखमध्ये रब्बी योसेफ कारो यांनी वैद्याच्या मोबदल्याविषयी जे ठरवले आहे ते येथे आठवते. योरे देआ, ३३६ वे प्रकरण. वैद्याने आपल्या ज्ञानाचा पैसा घेऊ नये, कारण माणसाला त्याचे आरोग्य परत देणे हे हरवलेली वस्तू परत देण्यासारखे आहे. श्रमाचा आणि मोडलेल्या वेळेचा पैसा मात्र घ्यावा. तोरा शिकवणाऱ्या आम्हा मास्तरांनाही हाच नियम: ज्ञान फुकट मिळाले तसे फुकट द्यावे, मुले सांभाळण्याची मजुरी घ्यावी. (पगारवाढीच्या संपात आम्ही हे वाक्य कोणाला सांगितले नाही.) त्याच प्रकरणात पुढे आहे, की औषधी फक्त एकापाशीच असेल आणि अडलेल्याने भरमसाट किंमत कबूल केली, तरी वाजवी किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. आणि लगेच उलट: वैद्याशी मोठी रक्कम ठरली असेल तर ती द्यावी लागते, कारण त्याने आपले ज्ञान विकले आणि ज्ञानाला बाजारभाव नसतो.

ही दोन वाक्ये शेजारी-शेजारी कशी राहतात हे आम्हाला बरेच दिवस कळले नव्हते. आता असे वाटते: वैद्याचे ज्ञान त्याच्याजवळ राहूनही दुसऱ्या वैद्याजवळ असू शकते. तो महाग असेल तर दुसऱ्याकडे जा. औषधी एकाच्याच कोठारात असते तेव्हा दुसरीकडे जाण्याची सोय नसते. म्हणून तेथे भाव बांधला. शिकलेले यंत्र यांपैकी कोण? ते बोलते वैद्यासारखे आणि वागते कोठारासारखे. शंभर डॉक्टरांच्या हातांतले आणि हजारो रोग्यांच्या छातीतले ज्ञान त्याने एका ठिकाणी भरले आणि दाराला कुलूप लावले. म्हणून आम्ही त्याला औषधीचा नियम लावू. घडवणाराला श्रमाचे आणि गुंतवलेल्या पैशाचे पुरेपूर द्या, पेटंटही द्या. पण जे शिकवले त्याचा हिशेब उघड असू द्या. किती शरीरे, कोणत्या वयाची, कोणत्या देशातली, किती व्रण असलेली, आणि वाट कोठे कोठे तुटली. या शेवटच्या गोष्टीची तर सर्वांत जास्त गरज आहे. आणि एकाच्या शरीरातून निघालेली वाट दुसऱ्याच्या उपचारात आडवी लावून धरण्याचा हक्क कोणालाही नसावा.

भाचा म्हणतो, कंपन्या हे मानणार नाहीत. कदाचित नसतील मानत. पण हे स्कॅन त्यांच्या घरी पिकत नाहीत. १९९४ च्या आरोग्य विमा कायद्याने आपण सारे चार कुपात होलीमपैकी एकीचे सभासद आहोत आणि स्कॅन तेथून व इस्पितळांतून जातात. माल आपला आहे, तर अट घालण्याची जागाही तेथेच आहे. गारमूंशी शास्त्यांनी मजुरीची घासाघीस केली. आपण निदान हिशेबाची करावी. यंत्र विकत घेण्यापूर्वी कुपात होलीमने हे प्रश्न विचारले पाहिजेत, आणि ते विचारतात की नाही हे सभासदांनी विचारले पाहिजे. आपल्या मंडळाच्या पुढच्या सभेत आम्ही हा विषय ठेवणार आहोत. ज्यांना चहा पिऊन लवकर घरी जायचे असेल त्यांना आधीच सूचना.

कागदाचे काय केले? शब्बाथ उलटल्यावर आम्ही तो खिशातून काढला. यंत्राला शिकवण्यास संमती, या ओळीपुढे सही केली. हक्क राहणार नाही, या ओळीखाली समासात हिब्रूत लिहिले, की आम्हाला पैसा नको. पण या नोंदीतून शिकलेले यंत्र व्रण असलेल्या फुफ्फुसात किती वेळा चुकते, ते छापून प्रसिद्ध करावे. मुलीने कागद पाहिला आणि म्हणाली, "समासातले संगणकात चढत नाही."

आम्ही म्हटले, "कागद तर फाइलमध्ये राहील ना?"

"राहील," ती म्हणाली, आणि शिक्का मारला.

डॉक्टरांना आम्ही वेगळे विचारले, की व्रणाची फुफ्फुसे यंत्राला किती दाखवली आहेत. कंपनीला विचारून सांगतो, म्हणाले. हेश्वान महिन्यात पुन्हा स्कॅनला जायचे आहे, तेव्हा त्यांना आठवण करू.